वाचकांचे प्रश्न : फिजिकल थेरपीला जायचंय, कॉलेजात असताना काय काय करू?

गेल्या अंकात मी गुडघ्याच्या ऑपरेशननंतरच्या व्यायामांवर लिहिलं होतं, वाटलं होतं आजी-आजोबांची पत्रं येतील, आली ती नातवंडांची आणि त्यांच्या आईबाबांची. सगळ्यांचा रोख एकच, इथे अमेरिकेत फिजिकल थेरपिस्ट व्हायचं तर कॉलेजच्या चार वर्षांत तयारी कशी करायची. मी स्वतः मुंबईत बीपीटीएच म्हणजे फिजिओथेरपीची बॅचलर्स केली, मग इथे येऊन लायसन्स घेतलं, आता हॉस्पिटलच्या रिहॅबमध्ये काम करते आणि दर उन्हाळ्यात आमच्याकडे कॉलेजची पोरं शॅडोइंगला म्हणजे थेरपिस्टच्या मागे राहून काम बघायला येतात त्यामुळे हा विषय माझ्या अगदी जवळचा आहे. म्हणून या वेळचं सगळं पान यालाच दिलंय.

प्रश्न : ताई, मी न्यू जर्सीत कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. मला फिजिकल थेरपीची डीपीटी करायचीय हे नक्की पण मेजर म्हणजे मुख्य विषय ठरत नाहीये. सगळे म्हणतात किनेसिऑलॉजीच, म्हणजे शरीराच्या हालचालींचं शास्त्रच घ्यावं लागतं. खरं का? आणि कोर्स नेमके कुठले लागतात?

नाही रे, मेजर कुठलाही चालतो. बायॉलॉजी घे, सायकॉलॉजी घे, इतिहास घेतलास तरी चालेल, फक्त प्रीरेक्विझिट म्हणजे प्रवेशाआधी लागणारे ठरावीक कोर्स पूर्ण असले पाहिजेत. किनेसिऑलॉजी किंवा एक्सरसाइज सायन्सचा फायदा एवढाच की बरेचसे प्रीरेक्विझिट मेजरमध्येच बसून जातात, वेगळी धावपळ होत नाही. पण तुला मनापासून आवडणारा दुसरा विषय असेल तर तो सोडू नकोस, आवडीच्या विषयात मार्क चांगले पडतात आणि इथे मार्कांना फार किंमत आहे.

आधी पूर्ण रस्ता सांगते. चार वर्षांची बॅचलर्स, त्यानंतर साधारण तीन वर्षांची डीपीटी म्हणजे डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी, मग एनपीटीई नावाची लायसन्सची परीक्षा. पूर्वी इथे बॅचलर्सवर काम करता यायचं, मग मास्टर्स आलं, १९९३ मध्ये ओमाहाच्या क्रेटन युनिव्हर्सिटीत पहिली एंट्री लेव्हल डीपीटी सुरू झाली आणि २०१६ पासून तर इथे शिकून या पेशात शिरायची डिग्री डीपीटीच, दुसरी नाही. काही कॉलेजांत बारावीनंतर थेट सहा-साडेसहा वर्षांचा प्रोग्रॅम असतो पण तू आता फ्रेशमन म्हणून दुसरीकडे लागलायस तर तो विचार डोक्यातून काढ.

आता कोर्स. अॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग लॅबसकट, केमिस्ट्री दोन सेमिस्टर लॅबसकट, फिजिक्स दोन सेमिस्टर लॅबसकट, बायॉलॉजी, स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजीचे एक-दोन कोर्स. साधारण सगळीकडे हेच. फिजिक्स बहुतेक ठिकाणी अल्जिब्रावालं चालतं, कॅल्क्युलसवालं लागत नाही, ऑर्गॅनिक केमिस्ट्रीही बहुतेकांना नको असते, त्यामुळे मित्र प्रीमेड म्हणजे मेडिकलच्या तयारीत आहेत म्हणून त्यांच्या मागे ऑर्गॅनिकला जाऊन बसू नकोस. पण बारीक अटी प्रत्येक कॉलेजच्या वेगळ्या असतात. कुणी हायस्कूलमध्ये केलेल्या कॉलेज पातळीच्या कोर्सचे एपी क्रेडिट मानतं कुणी मानत नाही, कुणाला प्रीरेक्विझिट गेल्या पाच किंवा दहा वर्षांतलेच लागतात, कुणी ऑनलाइन लॅब चालवून घेत नाही. म्हणून दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच आठ-दहा प्रोग्रॅम निवड, एक्सेल शीट कर, प्रत्येकाची अट त्यांच्या साइटवरून स्वतः वाचून भर. सीनियरने सांगितलं म्हणून नको, अटी दर वर्षी बदलतात. आणि तुझ्या अॅडव्हायझरला ते शीट दाखव, बऱ्याच अॅडव्हायझरांना प्रीमेडचं सगळं तोंडपाठ असतं पण पीटीचं म्हणजे फिजिकल थेरपीचं नसतं.

एक अजून. अॅनाटॉमी आणि फिजिक्स एकाच सेमिस्टरला घेऊ नकोस, दोन्ही लॅबचे आहेत आणि दोन्हीत चांगलं करायचंय. अॅनाटॉमी दुसऱ्या वर्षाला घे म्हणजे शॅडोइंगला जाशील तेव्हा समोर काय चाललंय ते कळेल. आणि पाठ करताना स्वतःच्या अंगावर शिक. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाचा जो उंचवटा लागतो ना, त्याच्या मागच्या खोबणीत बोट हलकंच दाबून बघ, करंगळीपर्यंत झिणझिणतं, ती अल्नर नर्व्ह. एकदा बोटाला सापडली की जन्मभर विसरत नाही. फ्लॅशकार्डवर शंभरदा वाचूनही हे होत नाही.

प्रश्न : नमस्कार ताई, मला पहिल्या सेमिस्टरला केमिस्ट्रीत सी आला. तेव्हा घरी प्रॉब्लेम होता, लक्ष लागत नव्हतं. आता रीटेक करून ए आणला तर आमचं कॉलेज जुनी ग्रेड काढून टाकतं. मग प्रॉब्लेम नाही ना?

तुझ्या कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर नाही, पण पीटीकॅसमध्ये आहे. बहुतेक सगळे डीपीटी प्रोग्रॅम पीटीकॅस या एकाच सेंट्रल सिस्टिममधून अर्ज घेतात आणि पीटीकॅस तुझा जीपीए म्हणजे ग्रेडची सरासरी स्वतःच्या पद्धतीने नव्याने काढतं. त्यात रीटेक केलेला कोर्स दोन्ही वेळा धरतात. सी ला क्रेडिटमागे २ पॉइंट, ए ला ४. म्हणजे चार क्रेडिटचा सी असेल तर त्याचे ८ पॉइंट, नंतरच्या ए चे १६, मिळून २४, भागिले ८ क्रेडिट, आले ३.०. तुझ्या कॉलेजच्या हिशोबात ४.० आणि पीटीकॅसच्या हिशोबात ३.०, कळला ना फरक. खूप मुलांना हे अर्ज भरताना कळतं आणि तेव्हा रडू येतं, म्हणून आत्ताच सांगतेय. हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजचा एखादा कोर्स केला असशील तर त्याचाही ट्रान्सक्रिप्ट द्यावा लागतो, तोही यात धरतात.

मग रीटेक करावं का? बहुतेक प्रोग्रॅमना प्रीरेक्विझिटमध्ये सी किंवा वर लागतो म्हणजे तुझा सी तांत्रिकदृष्ट्या पास आहे. माझं मत विचारशील तर एकच सी असेल तर रीटेकपेक्षा पुढचे सायन्सचे कोर्स चांगले कर, केमिस्ट्रीच्या दुसऱ्या भागात ए आणलास की वाचणाऱ्याला दिसतं की पोरगं सावरलं. सी मायनस किंवा डी असता तर रीटेक करच म्हटलं असतं. काही प्रोग्रॅम शेवटच्या ६० क्रेडिटचा जीपीए वेगळा बघतात, तुझ्यासारख्यांनी असे प्रोग्रॅम मुद्दाम शोधावेत. निवड झालेल्या मुलांचा जीपीए बहुतेक ठिकाणी साडेतीनच्या आसपास असतो हे डोक्यात असू दे, पण तुझा ३.३ झाला तरी हातपाय गाळू नकोस. आणि पुढे कधी घरी तसं काही झालं तर सेमिस्टरच्या मधेच अॅडव्हायझरकडे जा, विथड्रॉ केलेल्या कोर्सचा डब्ल्यू जीपीएत धरत नाहीत. एकदा डब्ल्यू चालतो. सवय नको.

प्रश्न : मी सोफोमोर म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, शिकागोजवळ राहते. शॅडोइंगसाठी पाच क्लिनिकना ईमेल केले, एकाचंही उत्तर नाही. उन्हाळ्यात आम्ही पुण्याला जाणार आहोत, तिथे मावशीच्या ओळखीचं क्लिनिक आहे, तिथे ५० तास केले तर चालतील का? आणि किती तास पुरेत?

पुण्याचं आधी. जरूर जा, बघ, शिक, पण मोजायच्या तासांचा भरवसा त्यावर ठेवू नकोस. बऱ्याच प्रोग्रॅमना अमेरिकेत लायसन्स असलेल्या पीटीच्या म्हणजे फिजिकल थेरपिस्टच्या हाताखालचेच तास लागतात आणि त्याच पीटीला ते तास व्हेरिफाय करावे लागतात. पुण्याचे तास अनुभव म्हणून अर्जात लिहिता येतील आणि इंटरव्ह्यूत बोलायला खूप कामाचे आहेत, दोन देशांतल्या पेशंटमध्ये काय फरक दिसला हे तू सांगू शकशील. पण इथले तास इथेच करायचे.

किती तास, तर काही प्रोग्रॅमना शून्य, काहींना ४०, काहींना १००, आणि काही म्हणतात अमुक तास इनपेशंटचे म्हणजे हॉस्पिटलमधले हवेतच. शंभर डोळ्यासमोर ठेव, पण एकाच जागचे शंभर करू नकोस. सगळी मुलं खेळाडूंच्या क्लिनिकमध्ये जातात कारण तिथे सोपं असतं, स्वतः कधीतरी पेशंट म्हणून गेलेली असतात, आणि त्यांना वाटतं फिजिकल थेरपी म्हणजे हीच. पण स्ट्रोकचे पेशंट, लहान मुलं, नर्सिंग होममधले म्हातारे, आयसीयूमधून नुकतेच बाहेर आलेले, हे बघितल्याशिवाय या पेशात यायचं की नाही ते ठरवूच नये असं माझं अगदी ठाम मत आहे.

एक प्रसंग सांगते. मागे एक मुलगी आमच्याकडे आली होती, आधी ६० तास स्पोर्ट्स क्लिनिकमध्ये करून. पहिल्याच सकाळी खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेल्या एक बाई होत्या, वय ऐंशीच्या पुढे, आदल्या दिवशी ऑपरेशन. मी आधी सगळ्या नळ्या बघितल्या, कॅथेटरची पिशवी पलंगाच्या कुठल्या बाजूला लटकतेय, ऑक्सिजनची नळी पुरेल का, मग हळूहळू कडेला बसवलं, कमरेला गेट बेल्ट बांधला, बोटं पट्ट्याच्या खालून वर घातली. बसल्या बसल्या दोन मिनिटं नुसत्या गप्पा, त्या त्यांच्या मांजरीबद्दल सांगत होत्या. मग म्हटलं आता पुढे वाका, नाक पायाच्या बोटांच्या वर आलं पाहिजे, आणि उठा. गुडघे थरथरले, परत बसल्या. परत गप्पा. दुसऱ्यांदा अर्ध्यावरून बसल्या. तिसऱ्यांदा उभ्या राहिल्या, वॉकर घट्ट धरून, सात-आठ सेकंद, आणि रडायलाच लागल्या कारण त्यांना वाटलं होतं आता आपण कधी उभं राहत नाही.

बाहेर आल्यावर त्या मुलीने विचारलं, मधे मधे एवढ्या मांजरीच्या गप्पा का मारत होतात? मी म्हटलं झोपलेलं माणूस उठून बसलं की बीपी पडतं, मी त्यांच्या ओठांचा रंग बघत होते, त्या बोलताना अडखळतात का ते ऐकत होते, चक्कर येतेय का हे विचारण्याच्या आधी कळावं म्हणून. मांजर हे माझं मशीन होतं. तिने ते वहीत लिहून घेतलं. वर्षभराने इंटरव्ह्यूत तिला विचारलं की पीटी नेमकं काय करतो, तेव्हा तिने हेच सांगितलं म्हणे, आणि तिची निवड झाली. निवड त्यामुळेच झाली असं मी म्हणणार नाही, पण असं सांगायला तिच्याकडे काहीतरी होतं.

तर वही ठेव. रोज चार ओळी, कुठल्या प्रकारचा पेशंट, थेरपिस्टने काय केलं, तुला काय कळलं नाही. पेशंटचं नाव, खोली नंबर, काहीही लिहायचं नाही, इथे पेशंटची माहिती गुप्त ठेवण्याचा एचआयपीएए कायदा कडक आहे, आणि हॉस्पिटलमध्ये असताना फोटोबिटो तर अजिबात नाही. शीटमध्ये तारीख, तास, सेटिंग, पीटीचं नाव, लायसन्स नंबर, ईमेल, त्याच दिवशी भर. दोन वर्षांनी शोधायला गेलीस तर तो पीटी नोकरी सोडून दुसऱ्या राज्यात गेलेला असतो.

आता ईमेलला उत्तर येत नाही त्याचं. ईमेल कुणी वाचत नाही गं, क्लिनिकमध्ये सकाळी सातपासून पेशंट चालू होतात. फोन कर, किंवा मंगळवार-बुधवारी दुपारच्या सुमाराला स्वतः जा, फ्रंट डेस्कवर नीट सांग की मी प्रीपीटी स्टुडंट आहे, आठवड्यातून चार तास येऊ शकते, अमुक वार मोकळे आहेत, कुणाशी बोलू. हॉस्पिटलला असं चालत नाही, तिथे व्हॉलंटियर ऑफिसमधून जावं लागतं, फॉर्म, टीबीची टेस्ट, फ्लूची लस, ओरिएंटेशन, यात दोन-तीन महिने सहज जातात म्हणून उन्हाळ्यासाठी जानेवारी-फेब्रुवारीतच अर्ज टाक. आणि एड किंवा टेक म्हणजे क्लिनिकमधला मदतनीस म्हणून पगारी काम मिळत असेल तर ते शॅडोइंगपेक्षाही भारी, टॉवेल धुवावे लागतील, टेबलं पुसावी लागतील, पण पेशंटशी रोज बोलायला मिळतं. बरेच प्रोग्रॅम ते तास मोजतात.

जाताना नाश्ता करून जा. हे मी सगळ्यांना सांगते. जखमेची पट्टी पहिल्यांदा उघडलेली बघून उपाशीपोटी उभी असलेली धडधाकट पोरं खाली बसलेली मी बघितली आहेत. डोळ्यासमोर अंधारी आली तर लगेच सांगायचं आणि बसायचं, त्यात लाज काही नाही.

प्रश्न : माझी मुलगी पहिल्यापासून मेडिकलला जाणार म्हणून आम्ही धरून चाललो होतो. आता ज्युनियर म्हणजे तिसऱ्या वर्षात म्हणते फिजिकल थेरपी करायची. भारतातले नातेवाईक विचारतात एवढं शिकून मालिश करणार का. तिची समजूत कशी घालू?

तुम्हाला वाईट वाटलंय हे पत्रात दिसतंय, माझ्या आईलाही वाटलं होतं. पण खरं सांगू का, तिची समजूत घालू नका, तिला विचारा की तिने काय बघितलं. ज्युनियर इयरला मुलं असं बोलतात तेव्हा सहसा कुठेतरी काहीतरी बघितलेलं असतं.

मालिश म्हणणाऱ्या नातेवाईकांना सांगा की हा पेशा पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांना पायावर उभं करताना इथे उभा राहिला, ते काम करणाऱ्या बायकांना रिकन्स्ट्रक्शन एड म्हणत, आणि त्यांनीच पुढे १९२१ मध्ये आपली संघटना काढली, आजची एपीटीए ती हीच. भारतातही मुंबईच्या केईएममध्ये १९५३ साली फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं ते पोलिओच्या मुलांसाठी. आज अमेरिकेतल्या पन्नासही राज्यांत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय निदान तपासणीसाठी तरी पेशंट थेट पीटीकडे जाऊ शकतो, पुढच्या उपचारांचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. म्हणजे समोर आलेल्या माणसाची पाठदुखी साधी आहे की आत काही गंभीर आहे हे ओळखायची जबाबदारी तिच्यावर असणार आहे. छोटं काम नाही हे.

दुसरी बाजूही सांगते कारण ती तिला माहीत असायला हवी. पगार सर्जनचा नाही. काम अंगमेहनतीचं आहे, माझी स्वतःची कंबर संध्याकाळी बोलते. कॉम्प्युटरवर नोट्स लिहिण्यात खूप वेळ जातो. आणि मेडिकल जमलं नाही तर पीटी अशा बेताने ती येत असेल तर मात्र थांबवा, ते इंटरव्ह्यूत लगेच कळतं आणि पुढे तिलाच जड जाईल. पण मनापासून येत असेल तर तिचं काही वाया गेलेलं नाही, प्रीमेडचे बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स सगळे इथे चालतात, मेडिकलची प्रवेश परीक्षा एमकॅट द्यायची नाही, बहुधा अॅनाटॉमी-फिजिऑलॉजी आणि एखादा सायकॉलॉजीचा कोर्स राहिला असेल आणि शॅडोइंगचे तास. एवढं एका वर्षात होतं.

प्रश्न : टेक्सासमध्ये असतो. एकवीस वर्षांच्या मुलाला डीपीटीला घालायचं तर खर्चाचा अंदाज द्याल का? कर्ज काढावं का?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आणि सगळ्यात कमी विचारला जाणारा. तीन वर्षांची फी आणि राहणं धरून एक लाख डॉलरच्या पुढे सहज जातं, खासगी कॉलेज असेल तर दीड लाखाच्याही पुढे. आणि पीटीचा मधला पगार देशभरात वर्षाला साधारण एक लाख डॉलर आहे, नवीन पोराला त्याहून कमीच मिळतो. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. माझं मत स्पष्ट आहे, तुमच्या राज्यातल्या सरकारी युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळत असेल आणि दुसरीकडे नामांकित महाग खासगी कॉलेजात मिळत असेल तर सरकारी घ्या. लायसन्सची परीक्षा सगळ्यांना एकच असते आणि माझ्या रिहॅबमध्ये आजवर कुणा पेशंटने मला कॉलेज विचारलेलं नाही. बघायचंच असेल तर त्या प्रोग्रॅमचा एनपीटीई पास होण्याचा टक्का आणि किती मुलं वेळेत ग्रॅज्युएट होतात ते बघा, मान्यता असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला हे आकडे साइटवर टाकावेच लागतात. मान्यता म्हणजे फिजिकल थेरपीचे प्रोग्रॅम तपासणाऱ्या सीएपीटीई या संस्थेची, ती नसेल तर लायसन्सच्या परीक्षेला बसायची पंचाईत होते.

कर्जाचे नियमही बदललेत. २०२५ च्या कायद्याने ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज १ जुलै २०२६ पासून नवीन कर्जदारांना बंद. साध्या ग्रॅज्युएट शिक्षणाला वर्षाला २०,५०० डॉलर आणि एकूण १ लाखाची मर्यादा, प्रोफेशनल गटातल्या शिक्षणाला वर्षाला ५०,००० आणि एकूण २ लाख. यात फिजिकल थेरपी कुठल्या गटात धरतात यावर तुमचं सगळं गणित आहे, म्हणून प्रत्येक प्रोग्रॅमच्या फायनान्शियल एड ऑफिसला ईमेलवर विचारा आणि उत्तर लेखी घ्या. उरलेलं खासगी कर्ज काढायची वेळ आली तर व्याजदर आणि कोसायनर म्हणजे जामीन कोण हे बघून घ्या, घरात बसून मोकळेपणाने बोला. मुलाला आकडे कळू देत, तो एकवीस वर्षांचा आहे.

बॅचलर्सला खर्च वाचवता आला तर उत्तम. पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजला केलेली खूप मुलं डीपीटीला जातात, फक्त त्या शीटमधल्या प्रोग्रॅमना तिथले सायन्सचे कोर्स चालतात का ते आधी बघायचं. आणि मुलाला काम आवडतं पण एवढं कर्ज नको असेल तर पीटीए म्हणजे फिजिकल थेरपिस्ट असिस्टंट हा दोन वर्षांचा असोसिएट डिग्रीचा मार्ग आहे, त्यालाही लायसन्स असतं, पगार अर्थात कमी. आमच्याकडचे पीटीए फार हुशार आहेत, मी अजून त्यांच्याकडून शिकते.

प्रश्न : मॅडम, मी पुण्यात बीपीटीएचच्या शेवटच्या वर्षाला आहे. अमेरिकेत काम करायचं तर परत डीपीटी करावीच लागेल का?

करावीच लागेल असं नाही. तुझी डिग्री एफसीसीपीटीसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावी लागते, तू ज्या वर्षी पास होशील त्या काळात अमेरिकेत जे शिकवलं जातं त्याच्याशी तुझा एकेक विषय आणि क्लिनिकलचे तास ताडून बघतात. कमी पडलं तर ते क्रेडिट भरून काढायचे, मग इंग्रजीची परीक्षा, मग ज्या राज्यात काम करायचं त्या राज्याची परवानगी घेऊन एनपीटीई. त्यात २०० ते ८०० च्या स्केलवर ६०० लागतात आणि आयुष्यात सहाच वेळा बसता येतं, त्यामुळे बघू या एकदा देऊन असं करू नकोस. आपल्याकडची बरीच मुलं इथे येऊन पोस्ट प्रोफेशनल डीपीटी, म्हणजे आधीच फिजिओथेरपी शिकलेल्यांसाठीची डीपीटी करतात, त्याने कमी पडलेले क्रेडिट भरून निघायला मदत होते, पण डिग्री तपासणी आणि परीक्षा त्यानेही सुटत नाही हे एजंट सांगत नाहीत.

आत्ताचं काम म्हणजे कागद. विद्यापीठाचा सविस्तर सिलॅबस, कुठल्या विषयाचे किती तास, इंटर्नशिपमध्ये कुठल्या वॉर्डात किती आठवडे, सगळं सही-शिक्क्यानिशी कॉलेजमध्ये असतानाच घेऊन ठेव. माझ्या वेळी हे मला कुणी सांगितलं नव्हतं, इथे आल्यावर एका शिक्क्यासाठी माझे बाबा चार महिने ऑफिसच्या खेपा घालत होते, उन्हातान्हात, साठीच्या माणसाने. तुझ्या बाबांवर ती वेळ आणू नकोस.

प्रश्न : मी ज्युनियर आहे, पुढच्या उन्हाळ्यात अर्ज करणार. निबंध, शिफारसपत्रं, जीआरई, कशाला किती वेळ ठेवू?

जीआरई ही प्रवेश परीक्षा बऱ्याच प्रोग्रॅमनी काढून टाकलीय, तुझ्या यादीतल्या एखाद-दुसऱ्यालाच लागत असेल तर तो प्रोग्रॅम तेवढ्या मोलाचा आहे का ते ठरव. काही जण त्याऐवजी कॅस्पर नावाची टेस्ट मागतात, त्यात अवघड प्रसंग देऊन तू काय करशील विचारतात, तिला पाठांतर नाही लागत, टायपिंगचा वेग लागतो.

निबंधाला ४५०० कॅरेक्टर मिळतात, स्पेससकट, म्हणजे फार तर दीड पान. माझ्याकडे मुलं वाचायला पाठवतात त्यातले बरेचसे गुडघ्याच्या लिगामेंटपासून सुरू होतात, मी सॉकर खेळताना पडले, मग थेरपिस्टने मला बरं केलं, तेव्हापासून ठरवलं. खरं असतं ते, पण वाचणाऱ्याने त्या आठवड्यात तसे पन्नास वाचलेले असतात. तुझ्या वहीतला एखादा दिवस घे, जिथे तुला काहीतरी कळलं नव्हतं आणि मग कळलं. आजोबांच्या स्ट्रोकनंतर घरात कोण उचलायचं, आजीने व्यायामाचा कागद फ्रिजवर लावून रोज खुणा केल्या, असं काही तुझ्या घरात घडलं असेल तर ते लिही, आपल्या घरांत हे खूप असतं आणि मुलांना ते लिहिण्यासारखं वाटतच नाही. एआयकडून लिहून घेऊ नकोस, अर्जात सही करून द्यावी लागते की हे माझं आहे, आणि इंटरव्ह्यूत त्यावरच प्रश्न येतात.

शिफारसपत्रांचं मात्र आत्तापासून बघ. साधारण एक सायन्सच्या प्रोफेसरांचं, एक पीटीचं लागतंच. काका पीटी आहेत म्हणून त्यांचं घेऊ नकोस, नातेवाइकांची पत्रं प्रोग्रॅमना चालत नाहीत. दोनशे मुलांच्या वर्गातल्या प्रोफेसरला तू मे महिन्यात जाऊन सांगितलंस मला पत्र द्या तर तो काय लिहिणार, ए आला एवढंच. पीटीकॅस जूनच्या मध्याला उघडतं, बरेच प्रोग्रॅम अर्ज येतील तसे बघत जातात त्यामुळे जुलै-ऑगस्टपर्यंत गेलेला अर्ज बरा, आणि ट्रान्सक्रिप्ट तपासायलाच काही आठवडे जातात. तुझा अॅनाटॉमीचा दुसरा भाग या सेमिस्टरला चालू आहे असं लिहिलंयस, मग त्या प्रोफेसरांचे ऑफिस अवर्स कधी असतात ते आजच बघ, लॅबमध्ये न कळलेला एक प्रश्न घेऊन या आठवड्यातच जा, आणि दर दोन आठवड्यांनी जात राहा.